पालथा ई

हैदराबादेत छापलेले सुटे फर्मे
सुतळीनं आवळून, एस.टी.च्या टपावरून मिरजेत आले.
तीनशे प्रती. शिवायच्या, खळ लावायची, वर काळं रेक्झिन,
आणि पाठीवर नाव घालायचं नाही,
हे पाळकांनी दोनदा सांगितलं.
भाषा कुठली विचारलं तर म्हणाले, बायबलच आहे,
भाषा कॅस्पियनकडची.
मी मान हलवली. मला कृष्णेपलीकडचं फार माहीत नाही.

सतारमेकर गल्लीच्या मागं आमचं दुकान.
शेजारी भोपळे वाळत असतात,
आणि कुणीतरी दिवसभर एकच तार लावत बसतं.
खळीत मोरचूद मी घालते, दाभणही माझंच.
बाबा खिडकीशी. शांतवन आवळे, वय शहाऐंशी.
बेचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले,
आता भिंगातून जग बघतात,
एका वेळी एक अक्षर.

पहिला फर्मा त्यांच्या हातात गेला.
"रूथ, हे परत पाठव.
ओळीओळीत ई पालथा पडलाय."
मी पाहिलं. खरंच, इंग्रजी ई,
पाय वर करून झोपलेला, पानभर.
"आमच्या वेळी एका पालथ्या खिळ्याला दोन आणे कापायचे.
ह्या माणसाचं घर विकलं तरी भागायचं नाही."

तौसीफ, नवा पोरगा, हाताला चपळ.
त्यानं ऐकलं, आणि ई सुलटा केला,
म्हणजे अख्खा फर्माच फिरवला.
सहासष्टचं नव्याण्णव झालं, कुणाला कळलं नाही,
सोळा पानं डोकं खाली करून शिवली गेली.
एकच प्रत. ठेवली बाजूला, रात्री उसवीन म्हणून.

शनिवारी सेविंज आली, गठ्ठे बघायला.
मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला.
मराठी दवाखान्यापुरतं:
कुठं दुखतंय, श्वास घ्या, जीभ दाखवा.
बाबांनी जीभ दाखवली.
मग तक्रार सांगितली, पालथ्या ई ची.

ती हसली. "पालथं नाही, आजोबा. ते अक्षर आहे."
आणि तोंड उघडून म्हणाली: ॲ.

बाबा गप्प.
"ॲसिडमधला?"
"ॲसिडमधला."
"अगं, मग हा तर आमचा चंद्रवाला!
आमच्या खणात नव्हताच आधी,
मागनं आला, आणि स्वतःचा वेगळा खण करून घेतला.
आम्ही अ च्या डोक्यावर चंद्र ठेवला,
तुम्ही ई ला पालथं घातलं.
गरज दोघांची एकच."

तिनं एक पान वाचलं.
काही कळलं नाही, तरी बाबा मान पुढं करून बसले,
तांदळातून खडा वेचावा तसा एकेक शब्द उचलत:
किताब. दुनिया. सबिर.
"सबुरी," ते मला म्हणाले, जणू मी बहिरी आहे.

नाव का नको पाठीवर, मी विचारलं.
त्याचं उत्तर तिनं दिलं नाही. दुसरंच सांगितलं.
तिच्या गावात वाचणारे बारा जण, प्रत एक.
शिवण उसवून फर्मे वाटून घेतलेत.
महिनाभर एकाकडे एक, मग अदलाबदल.
"आईकडे सध्या शेवट आहे.
सुरुवात तिला दिवाळीनंतर मिळेल,
म्हणजे तुमच्या दिवाळीनंतर."

मी जन्मभर सुटं बांधत आले.
कुणी बांधलेलं असं सोडत असेल,
हे कधी मनात आलं नव्हतं.
दाभण हातातच राहिलं.

जाताना तिनं ती चुकलेली प्रत मागितली.
म्हटलं, उसवून नीट करून देते.
"नको. सोळा पानांपुरती उलटी धरीन.
आईला तेवढ्यानं काही होत नाही."
पैसे घेतले नाहीत. ती ठेवून गेली, भोपळ्याच्या बियांच्या वाटीखाली.

रात्री बिल केलं.
तीनशे नग, रेक्झिन, दोरा, मजुरी.
भाषेच्या रकान्यात मी लिहिलं होतं: माहीत नाही.
ते खोडून, ऐकलं तसं लिहिलं: आझरबायजान.
"तो देश झाला," बाबा म्हणाले,
"पण असू दे."
भिंग कागदावर टेकवलं, बराच वेळ पाहिलं.
"झ वर चंद्र दे.
राहिलाय."